आणशिळेचे दोरे

एका राज्यात माणसं बोलत कमी आणि शपथा जास्त घालीत. शपथ घेणं निराळं, घालणं निराळं. घेतो तो आपल्या जिभेला बांधून घेतो. घालतो तो दुसऱ्याच्या पायात दोर अडकवतो आणि वर म्हणतो, तुझ्याच भल्यासाठी. त्या राज्यात घालणाऱ्यांचीच चलती होती, आणि अशा घातलेल्या शपथेला लोक आण म्हणत.

त्याचं असं झालं. दृढसेन राजा गादीवर बसला तेव्हा त्याला एकच धास्ती होती, उद्या आपलं कुणी ऐकलं नाही तर काय. ही धास्ती सगळ्याच राजांना असते. याने ती बोलून दाखवली एवढंच. त्याने गाठनाथ मांत्रिकाला बोलावणं धाडलं. गाठनाथाने सिंहासनाखाली एक काळी शिळा बसवली आणि सांगितलं, "महाराज, ही आणशिळा. आजपासून या राज्यात कुणीही कुणाला आण घातली की ती लागेल. ज्याला घातली त्याच्या मनगटाला काळा दोरा येईल. ज्याने घातली त्याच्या बोटाला त्याच दोऱ्याचा फेरा बसेल. फेरेवाला आपल्या तोंडाने 'सुटली' म्हणेल तेव्हाच गाठ सुटेल."

"कुणीही?" राजा म्हणाला. "मला फक्त माझी आण लागायला हवी होती."

"एकट्याची आण टिकत नाही, महाराज. सगळ्यांना थोडी थोडी वाटली तरच तुमची टिकेल."

मांत्रिक आपल्या वाटेने निघून गेला. राजाने पहिली आण घातली, की रोज सकाळी प्रजेने राजवाड्याकडे तोंड करून उभं राहावं. प्रजा चार दिवस कुरकुरली. मग तिच्या ध्यानात आलं की आणेची सोय आपल्यालाही आहे, आणि कुरकुर थांबली.

मग विचारता काय. बापाने लेकीला आण घातली, शेजाऱ्याने शेजाऱ्याला घातली. लग्नाच्या पंगतीत यजमान म्हणे, "माझी आण, आणखी एक पोळी घ्या," आणि पाहुण्याचा हात आपोआप ताटाकडे जाई, पोट फुटायला आलं तरी. भांडण समजुतीने मिटवायची गरजच उरली नाही. जो आधी आण घाली तो जिंके, म्हणून लोक समोरच्याचं ऐकून घेण्याआधीच आण घालून मोकळे होत.

आणि एकाच माणसावर दोघांनी उलटसुलट आणा घातल्या, एकाने जा म्हणून आणि एकाने जाऊ नको म्हणून, तर त्या माणसाचा दगड होई. गावोगावी असे दगड उभे होते. बहुतेक कुणाचे तरी मुलगे होते.

त्याच राज्यात नदीकाठच्या एका गावी भिवरा नावाची नावाड्याची लेक रखमाजीच्या घरी सून म्हणून आली. घरात रखमाजीची आई, येसाई. भिवरेचा हात वल्ह्यावर पक्का आणि जीभ त्याहून पक्की. येसाईही काही कमी नव्हती. वाद सुरू झाला तो मिठावरून. येसाई म्हणे, या घरात भाजीला मीठ मीच घालीन. भिवरा म्हणे, जी शिजवते तिने घालावं. रोज आवाज चढे, गल्ली कान देऊन ऐके.

रखमाजी शांततेचा भुकेला. एक दिवस तो म्हणाला, "दोघींनाही माझी आण, पुन्हा एकमेकींवर आवाज चढवाल तर."

घर शांत झालं. रखमाजी खूश झाला, बिचारा. भांडण मिटलं नव्हतं, नुसते गळे बंद झाले होते. ओरडता येईना, तेव्हा दोघी त्याच्यावरच आणा घालू लागल्या. येसाई गोड आवाजात म्हणाली, "रखमा, माझी आण, हे घर सोडून वेगळी चूल मांडशील तर." भिवराही तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "माझी आण, या घरात आणखी एक दिवस काढाल तर."

रखमाजी तेव्हा उंबऱ्यात होता. एक पाय आत, एक बाहेर. तसाच तो दगड झाला.

त्या दिवसापासून घरात येता-जाता दोघींना त्या दगडाला वळसा घालावा लागे. येसाई रोज त्याचं तोंड पुसे, भिवरा रोज त्याच्या पायावरची धूळ झाडी. दोघींच्या बोटांत फेरे होते, दोघींना 'सुटली' हा शब्द ठाऊक होता. पण जी आधी सोडील तिची हार, कारण मग दुसरीचीच आण लागणार. असं करता करता पावसाळा गेला, हिवाळा गेला. भिवरेला तो दगड बघवेना आणि शब्दही तोंडातून निघेना.

"दोष माझा नाही आणि आत्याबाईंचाही नाही," ती एकदा घाटावर बसून म्हणाली. "दोष त्या शिळेचा आहे. मी ती फोडते."

सासूपुढे नमण्यापेक्षा राजाशी लढणं कित्येकींना सोपं वाटतं, भिवरेलाही वाटलं.

"मी येतो," नावेच्या टोकावरून कुणी बोललं. तो कोतवाल पक्षी होता, काळा कुळकुळीत, दुभंगल्या शेपटीचा. त्या राज्यात पक्षी बोलत, त्यात नवल नव्हतं. त्यांचं कुणी ऐकत नसे इतकंच. "मला राजाने दोनदा आण घातली, गाऊ नकोस म्हणून. लागलीच नाही. मला मनगट नाही ना."

भिवरा नावेतून राजधानीला गेली आणि दरबारात उभी राहिली. दृढसेन सिंहासनावर बसला होता. त्याच्या दहाही बोटांवर काळ्या फेऱ्यांचे थर चढले होते, बोटं मिटत नव्हती. तो कित्येक वर्षांत उठला नव्हता, कारण त्याने बांधलेले सगळे दोरे त्या शिळेतून निघून त्याच्या बोटांना येत होते. दरबारी म्हणत, महाराजांची बैठक फार पक्की.

"काय हवं?" राजाने विचारलं.

"ही शिळा फोडायची आहे."

दरबार चपापला. राजा मात्र हसला. "गाठनाथ जाताना सांगून गेला आहे. न मागता दिलेलं पाणी, न हिसकावता मिळालेलं सोनं आणि आपणहून सुटलेली गाठ. तीन वस्तू या शिळेवर ठेवशील तर शिळा आपलं पोट उघडेल. पण बाई, माझ्या राज्यात न मागता कुणी काही देत नाही, न हिसकावता कुणाला काही मिळत नाही आणि आपणहून कुणी काही सोडत नाही. खुशाल शोध."

"शोधते," भिवरा म्हणाली आणि मुजरा न करता वळली.

परतताना तिने नाव वाटेत काठाला बांधली आणि पायी निघाली. चालता चालता एक विहीर लागली. पाणी वरपर्यंत आलेलं, आणि काढायला कुणी नाही. वरच्या आळीने खालच्या आळीला आण घातली होती, खालच्या आळीने वरच्या आळीला, की दोराला हात लावाल तर खबरदार. वाद एवढाच, की सकाळी पहिली घागर कुणाची. आता दोन्ही आळ्यांच्या बाया भर उन्हात दूरच्या ओढ्यावरून पाणी आणीत आणि जाता-येता एकमेकींकडे डोळे वटारून बघत.

भिवरेला राग आला. तिने तोंड उघडलं. "बायांनो, तुम्हा सगळ्यांना माझी आ..."

कोतवालाने तिच्या कानाला कडकडून चोच मारली. "काय करतेस?"

"समेट घडवते."

"आणेने?"

भिवरेने जीभ चावली. सवय फार वाईट. मग तिने आपली कळशी खाली ठेवली, पदर खोचला आणि दोर हातात घेतला. तिच्यावर त्या विहिरीची आण नव्हती. जी घागर पुढे येईल ती भरून देऊ लागली. वरच्या आळीची धोंडाई म्हणाली, "आधी आमची भर. तू आमच्या बाजूने आलीस."

"मी कुणाच्या बाजूची नाही. घागर येईल तशी भरते."

ऊन कलेपर्यंत तिच्या तळहातांची सालटी निघाली. ती काठावर टेकली तेव्हा धोंडाईचं लक्ष गेलं. "अगं बाई, तुझी स्वतःची कळशी कोरडीच की." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने आपल्या घागरीतलं पाणी भिवरेच्या कळशीत ओतलं. ते पाहून खालच्या आळीची साळूही पुढे झाली आणि तिनेही ओतलं. कळशी भरून वाहू लागली, आणि माझं जास्त की तुझं जास्त यावर दोघींची जुंपली.

"उद्या येशील ना?" साळूने विचारलं.

"नाही."

"मग पाणी कोण काढणार?"

"विहीर तुमची, हात तुमचे. मला काय विचारता?"

कुणीतरी येईल आणि आपल्यातर्फे दुसऱ्या आळीला सरळ करील, याची दोन्ही आळ्या वाट बघत बसल्या होत्या. आलेली बाई पाणी काढून निघाली होती. धोंडाईने बोटातला फेरा फिरवला आणि पुटपुटली, "सुटली बरं का." साळू म्हणाली, "आमचीही." आणि दोघींनी मिळून दोराला हात घातला.

पुढे एक डोंगर लागला. डोंगरात गुहा, गुहेत सोनं, सोन्यावर नाग. गुहेच्या तोंडाशी तलवारी गंजून पडल्या होत्या. ज्यांच्या त्या होत्या ते परत गेले नव्हते. समोरच्या उतारावर एक म्हातारी बाई गुहेकडे तोंड करून बसलेली भिवरेने येतानाच पाहिली होती.

भिवरा गुहेबाहेरच बसली. "नागोबा, मी सोनं न्यायला आले आहे. पण तुम्ही द्याल तर."

नागाने फणा काढला, पण तो फूत्कारला नाही. "असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मला देता येत नाही, बाई. मी माणूस होतो. बापाने मरताना आण घातली, या धनाला कुणाला हात लावू देऊ नकोस. बाप गेला. मेलेला माणूस 'सुटली' कसं म्हणणार? राखता राखता मी असा झालो. मला या सोन्याचा वीट आला आहे. मला झाडाखाली झोपायचं आहे."

"उतारावर म्हातारी बसली आहे ती कोण?"

नागाचा फणा खाली आला. "ती अजून बसते? माझी बहीण. मला नाग झालेलं बघून ती रोज दूध घेऊन येई. मला वाटलं, एखाद्या दिवशी माझ्याकडून तिला दंश होईल. म्हणून मीच तिला आण घातली, जवळ येशील तर." त्याच्या शेपटीला एक काळा फेरा होता.

"तिला भीती वाटत होती का?"

"विचारलं नाही."

"दूध घेऊन यायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू द्यायचं होतं," भिवरा म्हणाली. हे बोलताना तिच्या स्वतःच्या छातीत काहीतरी टोचलं, पण तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

नागाने वेटोळं सोडलं आणि उताराकडे तोंड केलं. मग म्हणाला, "ताई, सुटली." शेपटीचा फेरा गळून पडला. आणि त्याच क्षणी त्याच्या गळ्याभोवतीचा बापाचा दोराही गळून पडला. कात गेली, आणि गुहेत एक पांढऱ्या केसांचा माणूस डोळे चोळत उभा राहिला.

"मेलेल्या बापाची गाठ सोडली कुणी?" कोतवालाने विचारलं.

"हवं तेवढं ने," तो माणूस म्हणाला. भिवरेने सोन्याचं एक पान उचललं. तो सोन्याकडे न बघताच उताराकडे धावला.

राहिली गाठ. ती कुणाची मिळेल, याचा भिवरेने वाटेत विचारही केला नाही. तिच्या डोळ्यांसमोर एकच गाठ होती, सासूची. ती नावेत बसून सरळ घरी आली. रखमाजी उंबऱ्यात तसाच उभा होता. त्याच्या खांद्यावर चिमण्यांनी घरटं बांधलं होतं.

"आत्याबाई," भिवरा म्हणाली, आणेमुळे अर्थातच गोड आवाजात, "तुमच्या मुलाचा जीव तुमच्या बोटात अडकला आहे. सोडा."

"सोडते की, माझे बाई," येसाई तितक्याच गोडव्याने म्हणाली. "आधी तू सोड."

"मी सोडली तर तुम्ही त्यांना घरात डांबाल."

"आणि मी सोडली तर तू त्याला नदीवर ओढून नेशील."

दोघींचे डोळे आग ओकत होते आणि ओठांतून साखर सांडत होती. कोतवाल वळचणीला बसून म्हणाला, "भिवरे, राजाने आपणहून सुटलेली गाठ सांगितली. सासूचीच हवी असं कुठे म्हणाला?"

भिवरेने आपलं बोट पाहिलं. नागाला आपण काय बोललो ते तिला आठवलं, आणि आता मघासारखं तिकडे दुर्लक्ष करता येईना. रखमाजीला नदी आवडते का, हेसुद्धा तिने कधी विचारलं नव्हतं. त्याला आपल्याबरोबर न्यायचं होतं, आणि ते प्रेमच होतं, खोटं नव्हतं. पण दोर तो दोरच. सोडला तर नवरा सासूचा होणार, याची तिला खात्री होती. तिला रडू आलं आणि रडण्याचा रागही आला.

"आत्याबाई, तुम्ही सोडा असं मी आता म्हणत नाही. तुम्हाला हवं ते तुम्ही करा." ती रखमाजीकडे वळली. "धनी, माझी आण सुटली."

दगडाला ऊब आली. चिमण्या उडाल्या. रखमाजीने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. पण आता एकट्या आईची आण उरली होती. त्या आणेने त्याचा बाहेरचा पाय उचलला आणि तो पाठमोरा, ओढल्यासारखा आत गेला. त्याची नजर मात्र दाराबाहेरच राहिली होती, आणि ती येसाईनेही पाहिली.

भिवरा आत गेली नाही. तिच्या बोटांत आणखी फेरे होते. चोळी परत न देणाऱ्या चुलत जावेला घातलेला, घाटावर पुढे घुसणाऱ्या कोळणीला घातलेला. एक काढल्यावर बाकीचे तिला बोटात सहन होईनात. तिने ते सगळे सोडले आणि नवऱ्याचा फेरा पदराला बांधून नावेत बसली. पाण्यावर आल्यावर मात्र ती मनसोक्त रडली.

दरबारात तिने पाणी, सोनं आणि गाठ शिळेवर ठेवली. शिळा फुटली नाही. ती नदीच्या पाण्यासारखी आरपार झाली, आणि तिच्या पोटातून राज्यभर गेलेले हजारो काळे दोरे सगळ्यांना दिसले. कुणाचा दोरा कुठे जातो, कुणाच्या बोटातून निघून कुणाच्या मनगटाला बसतो, ते दिसलं. लोक माना वळवून एकमेकांच्या हातांकडे बघू लागले.

"बघितलंस?" राजा म्हणाला. "हे मी एकट्याने केलेलं नाही. आता तुला माझी आण आहे. गुडघे टेक."

सगळा दरबार भिवरेच्या मनगटाकडे बघू लागला. दोरा आला. मनगटावर बसला. आणि घसरून जमिनीवर पडला.

"नाही," भिवरा म्हणाली.

हा शब्द त्या दरबारात कुणी कधी ऐकला नव्हता. राजाने पुन्हा आण घातली, मग आणखी एक, मग ओरडून आणखी एक. दोरे येत होते आणि घसरून पडत होते, तिच्या पायाशी काळा ढीग साचत होता.

"तू जादूगारीण आहेस," राजा म्हणाला.

"मी नावाड्याची लेक आहे. तुमची आण मला लागत नाही, का ते मलाही ठाऊक नाही."

"मला कळलं," कोतवाल खांबावरून ओरडला. तो त्या जातीचाच, त्याला कुणाचाही आवाज काढता येई. त्याने चक्क राजाच्या आवाजात सांगितलं. "हिच्या बोटात एकही फेरा नाही. माझ्याही नाही, मी कधी कुणाला आण घातलीच नाही. नागाने बहिणीला सोडलं तेव्हा मेलेल्या बापाची गाठ पडली. जो दुसऱ्याला बांधतो त्यालाच बांधता येतं. मनगटाचा काही संबंधच नाही."

राजाने शिपायांना आण घातली, "धरा तिला." शिपायांचे हात वर उचलले गेले. सगळ्यात पुढचा शिपाई घामाघूम झाला होता. त्याने आपल्या बोटातल्या फेऱ्याकडे पाहिलं. माहेरी जाऊ नकोस म्हणून त्याने बायकोला आण घातली होती. तो हळूच म्हणाला, "सुटली." त्याचा हात खाली पडला. तो त्या हाताकडे बघतच राहिला, मग भाला भिंतीला टेकवून बाहेर गेला. भिवरेने त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

मग दुसरा, मग तिसरा. दरबारातून तो शब्द बाजारात गेला, बाजारातून गल्ल्यांत. सगळे काही चांगुलपणाने सोडत नव्हते. कित्येकांना फक्त स्वतःला सुटायचं होतं, आणि त्यासाठी दुसऱ्याला सोडणं भाग होतं. तेही चाललं. गावोगावचे दगड जांभया देत चालू लागले. शिळेतले दोरे विरत गेले आणि राजाची बोटं एकेक करून उघडी पडली.

शेवटी दोन दोरे उरले. दोन्ही एकाच घरात जात होते, नदीकाठच्या. एक येसाईच्या बोटातला, एक रखमाजीच्या.

"एक दोरा असला तरी शिळा शिळाच असते," राजा म्हणाला. "आणि शिळा आहे तोवर मी राजा आहे. उद्या पुन्हा शिकाल तुम्ही आण घालायला."

लोक खवळले. "चला त्या म्हातारीकडे," कुणी ओरडलं. "बऱ्या बोलाने म्हणाली तर ठीक, नाहीतर हात पिरगाळून वदवून घेऊ. सगळ्या राज्याचं भलं आहे." आणि जमाव रस्त्याला लागला. जे सकाळपर्यंत बांधलेले होते तेच सगळ्यात पुढे होते.

भिवरा घाटाकडे धावली, नाव लोटली आणि प्रवाहाच्या जोराने रस्त्याच्या आधी घरी पोचली. येसाई चुलीपुढे बसली होती. रखमाजी भिंतीला टेकून जेवत होता, म्हणजे ताट पुढे होतं. भिवरा काही न बोलता उंबऱ्यात उभी राहिली, नवरा जिथे दगड होऊन उभा होता तिथेच, तोंड बाहेर करून.

जमाव आला. "बाजूला हो, भिवरे. ही तुझ्याच भल्याची गोष्ट आहे."

"तुझ्याच भल्यासाठी, हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत," भिवरा म्हणाली. तिचा आवाज चढला, वर्षभर कोंडलेला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेला. नवऱ्याची आण केव्हाच गळून पडली होती. सासूशी ओरडून भांडायला ती मोकळी झाली होती, आणि पहिलं भांडण तिने सासूच्या बाजूने केलं. "ही बाई आडमुठी आहे. हिने माझं आयुष्य अळणी केलं. पण बोट तिचं आहे आणि शब्दही तिचा आहे. पिरगाळून वदवून घ्याल तर ती गाठ सुटलेली नसेल, तुमच्याच बोटांत येऊन बसलेली असेल. ज्याला आत जायचं असेल त्याने आधी मला उचलावं. मी चावते."

पुढचे थबकले. एकाने पाऊल उचललं. तो तोच शिपाई होता, बायकोला घातलेली आण सोडून आलेला. तो भिवरेशेजारी येऊन जमावाकडे तोंड करून उभा राहिला. मग जमावातून वाटेतल्या विहिरीवरची धोंडाई आली, मग साळू. जमाव धुसफुसला, आणि धुसफुसत तिथेच थांबला.

आत येसाई उठली. "भिवरे, बाजूला हो. अजून इतक्या मोठ्याने बोलतेस तू? मला वाटलं होतं तुझ्या तोंडात आता नुसती साखर उरली आहे." ती जमावाला म्हणाली, "तुमच्यासाठी म्हणत नाही मी, गैरसमज नको. आणि हिच्यासाठीही नाही." मग ती मुलाकडे वळली. त्याच्या ताटातला घास वाळून गेला होता. "तू घरात आहेस आणि घरात नाहीस, हे मी दिवसभर बघते आहे. रखमा, सुटली रे बाबा."

रखमाजी उठला, उंबऱ्यापर्यंत आला आणि मटकन खाली बसला.

"तुम्हाला कुठे राहायचं आहे?" भिवरेने विचारलं. येसाईही तेच विचारणार होती.

"आधी बसू द्या," तो म्हणाला. "एक पाय आत, एक पाय बाहेर. कंबर मोडली माझी. दगड होतो तरी सगळं ऐकू येत होतं. तुम्ही दोघी किती गोड बोलत होता. अंगावर काटा यायचा." त्याने आपल्या बोटाकडे पाहिलं. "ते माझंच पाप. दोघींनाही माझी आण सुटली. भांडा खुशाल."

त्याच घटकेला राजवाड्यात आणशिळा भुगा होऊन सांडली. दृढसेन उठून उभा राहिला. कित्येक वर्षांनी उठल्यामुळे त्याच्या पायांना मुंग्या आल्या. दरबार रिकामा होता. त्याने आण घालून पाहिली, काहीच झालं नाही. घसा कोरडा पडला तेव्हा तो दारात आला आणि वाटेने जाणाऱ्या बाईला म्हणाला, "पाणी द्याल का?" त्याला हे म्हणताना फार अवघड गेलं. बाईने थोडा विचार केला आणि दिलं. पुढे तो राजधानीतच राहिला. लोक पटलं तर त्याचा सल्ला ऐकत, नाही पटलं तर नाही.

आणि इकडे येसाई-भिवरेचं असं भांडण झालं की गल्ली जेवणं टाकून ऐकत राहिली. वर्षभराचं साचलेलं सगळं निघालं. शेवटी दोघींचे घसे बसले, तेव्हा ठरलं की भाजीत मीठ कुणीच घालायचं नाही. मिठाचं भांडं पंगतीत ठेवायचं, ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने घ्यावं. रखमाजीने नदीकाठी खोपट बांधलं, ते त्याच्या मनाला आलं म्हणून. येसाई वाटेल तेव्हा तिथे जाई, वाटेल तेव्हा परत येई, आणि भिवरेच्या भाजीला अजून नावं ठेवी.

गोष्ट इथे थांबली. पटली तर ठेवा, न पटली तर द्या सोडून. ऐकलीच पाहिजे, अशी आण कुणाला नाही.